देवघरात सर्व्हर आहे

“नाव, मोबाइल नंबर, कोणाला भेटायचंय ते लिहा मॅडम. आणि इथे टिक करा, ऑफिशियल की पर्सनल?”

सिक्युरिटीवाल्या काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. मी पेन उचललं आणि तशीच थांबले. काय लिहिणार? माझ्या शेजारी काठी टेकत आजी उभी होती. ज्या उंबऱ्याशी आम्हाला अडवलं होतं, तो उंबरा तिने १९५७ साली माप ओलांडून पार केला होता. त्यानंतर चोपन्न वर्षं ती याच वाड्यात राहिली. आज तिच्या गळ्यात ‘व्हिजिटर’ असं लिहिलेलं कार्ड अडकवण्यात आलं.

“कोणाला भेटायचंय विचारतायत,” मी म्हटलं.

“लिही, कोणालाच नाही. संडास कुठे केलाय ते बघायला आलेय.”

काका हसले. मी ‘पर्सनल’वर टिक केलं.

तर ही गोष्ट नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याची. ‘वाडा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कारंजं, नक्षीदार महिरपी आणि मस्तानी वगैरे येत असेल, तर सॉरी बॉस! आमचा वाडा म्हणजे दुमजली, एक चौक, सागवानी खांब, कडीपाटाचं छत, कौलं, आणि एकेकाळी आम्ही धरून आठ बिऱ्हाडं. इथे कुठला सरदार राहिला नाही. महापालिकेच्या वारसा यादीतही आम्ही नाही. पुण्यात असे शेकडो वाडे होते. बरेचसे गेले, काही जायच्या रांगेत आहेत. आमचा मात्र ऑफिस झाला म्हणून वाचला. निदान आत्तापर्यंत.

मी चौदा वर्षांची असताना आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झालो. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, वाडा एका कंपनीला भाड्याने दिला. मुलं-मुली लॅपटॉपवर बसून कुठल्या कुठल्या देशातल्या बँकांसाठी डिझाइनची कामं करतात, असं ते ऑफिस. मी स्वतः बाणेरला काचेच्या बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर असंच काहीसं काम करते. फरक एवढाच की आमच्या मीटिंग रूम्सना कॉर्पोरेट स्टाइलची नावं आहेत, आणि त्यांच्या मीटिंग रूममध्ये माझ्या बाबांचा जन्म झालाय. खरंच! बाळंतिणीची खोली आता कॉन्फरन्स रूम आहे. तिथे अजूनही लोक तासन्‌तास कळा देतात. कधीकधी तर बाहेर काहीच येत नाही.

माजघराची पॅन्ट्री झाली. कोठीच्या खोलीत एचआर बसतं. आणि देवघरात सर्व्हर आहे. वाड्यातली सगळ्यात आतली, सगळ्यात थंड, ऊन न येणारी खोली तीच. आजीला हे कळलं तेव्हा ती चिडेल अशी सगळ्यांना भीती होती. तिने एकच प्रश्न विचारला, “चपला काढून जातात का?” धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेरच काढतात, असं कळल्यावर ती म्हणाली, “मग ठीक आहे.”

आता मुद्द्यावर येते. यंदा कंपनीचा करार संपत होता आणि त्याच वेळी एक बिल्डर दारात येऊन उभा राहिला. शेजारचे दोन वाडे त्याने आधीच जमवले होते. आमच्या गल्लीत प्लॉट चिंचोळे, तेव्हा एकट्या वाड्यावर इमारत उभी करण्यात त्याला काही राम नव्हता. तिन्ही एकत्र मिळाले तरच गणित जमत होतं. आम्हाला ऑफर होती दोन फ्लॅट, दोन पार्किंग आणि वर काही रक्कम. बाबा आणि काका ‘देऊन टाकू’ म्हणत होते. नाशिकची आत्या म्हणत होती, “तुम्ही ठरवा, मला नंतर बोलू नका म्हणजे झालं.” आणि मी? मी एकटी ‘वाडा वाचवा’ आंदोलन चालवत होते. फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुने फोटो, चौकातली तुळस, दिवाळीचा किल्ला, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत लिहिलेले निबंधवजा मेसेज. काकाने एकदा उत्तर दिलं, ‘कौलं शाकारायला तू चढणार का?’

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वाडा म्हणजे काय, हे मालकालाच विचारा. आमच्या आजोबांच्या काळी घरभाड्यांवर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. मूळ हेतू चांगला, भाडेकरूला कोणी रस्त्यावर काढू नये. पण त्यात भाडं गोठलं ते १९४० सालच्या आसपासच. एका बिऱ्हाडाचं चौदा रुपये, दुसऱ्याचं अकरा. एवढ्या पैशात दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करायची, वाळवी मारायची, मातीची भिंत पडली तर बांधायची. मालकाला परवडेना, भाडेकरूला सोडवेना, आणि मधल्यामध्ये वाडा खचत जायचा. पेठांमधले कित्येक वाडे या भांडणात संपले.

मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात एक गंमत आहे. बँका, सरकारी कंपन्या, मल्टिनॅशनल आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या प्रायव्हेट वा पब्लिक लिमिटेड कंपन्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे अशा भाडेकरूशी भाडं बाजारभावाने ठरवता येतं आणि मुदत संपली की कायद्याआड बसून तो वर्षानुवर्षं जागा अडवू शकत नाही. बाबांनी २०१२ मध्ये एजंटला नेमकी हीच अट घातली होती. “माणूस नको, कंपनी आण. आणि आधी तिचा ताळेबंद दाखव.” अशा रीतीने एका कलमामुळे आमच्या वाड्यात बीन बॅग आली.

आणि घराचं ऑफिस होणं हे पुण्याला नवीन थोडंच आहे? विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे बरीच वर्षं नगरपालिकेचा कारभार तिथूनच चालला. आमच्याच नारायण पेठेतला गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये घेतला, आणि राहतं घर आणि ‘केसरी’ एकाच छपराखाली आले. वर्क फ्रॉम होमचा शोध काही २०२० मध्ये लागलेला नाही! आणि बुधवार पेठेतल्या भिडेंच्या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. तो वाडा मात्र टिकला नाही. पार मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकासाठी, एका रात्रीत पाडला गेला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं. तारखांसकट. कोणी वाचलं नाही.

शेवटी वाडा आजीच्या नावावर आहे. २०१० मध्ये आजोबा गेले, त्यांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं होतं. म्हणजे सही तिची. तिला विचारायला गेलो तर म्हणाली, “आधी मला दाखवा. बघितल्याशिवाय मी काही करत नाही.” २०११ नंतर ती एकदाही तिथे गेली नव्हती. म्हणून त्या शनिवारी मी तिला रिक्षाने घेऊन गेले.

मनातल्या मनात मी पिक्चर तयार करून ठेवला होता. आजी खांबावरून हात फिरवेल, डोळ्यांत पाणी येईल, मी हळूच फोटो काढेन, ग्रुपवर टाकेन, आणि बाबा-काका विरघळतील. खेळ खल्लास!

आम्हाला आत न्यायला अॅडमिनची एक मुलगी आली. शनिवार असल्याने सात-आठच जण होते. तिने उत्साहाने सगळं दाखवायला सुरुवात केली. कडीपाटावरचे तैलरंगाचे थर खरवडून मूळ लाकूड कसं बाहेर काढलं. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा का चालत नाही. सिमेंट ओल आत कोंडतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते, म्हणून चुन्याचा गिलावा केला. पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रू बसत नाही, सगळे बोर्ड खांबांना लटकवावे लागले. वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटं ठेवायची नाहीत. आणि भिंती पावणेदोन फूट जाड, त्यामुळे वायफाय या खोलीतून त्या खोलीत जात नाही, प्रत्येक खोलीला वेगळा राउटर!

“पूर्वी पण जायचं नाही,” आजी म्हणाली. “मी आत रडले तर बाहेर ऐकू जायचं नाही.”

ती मुलगी हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा विनोद नव्हता.

मी घाईने विषय बदलला. मला पुराची रेघ बघायची होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक घरात असते. आमच्याकडे तिचा पुरावा होता. चौकातल्या चार खांबांवर गाळाच्या पाण्याची काळपट रेघ उमटली होती, ती आजोबांनी कधी पुसू दिली नाही. पाणी उतरल्यावर मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, पण दगडी तळखड्यांवरचे खांब आणि त्यांच्यावरचा सागवानी सांगाडा तसाच उभा होता. सहा बिऱ्हाडं तेव्हाच गेली, कोणी लोकमान्यनगरला, कोणी गोखलेनगरला. पुढे नव्या भिंती त्याच सांगाड्यात भरल्या.

तीन खांबांवरची रेघ २०१२ च्या पॉलिशमध्ये गेली होती. मी चौथा शोधत होते. तो देवघराच्या, आय मीन सर्व्हर रूमच्या, पार्टिशनमध्ये अर्धा दडला होता. चपला काढून आत गेलो. दिवे लुकलुकत होते, एसी गारठवत होता, आणि केबलच्या जुडग्यामागे ती रेघ होती! मी ओरडलेच, “आजी, हे बघ!”

आजीने बघितलं. मान हलवली. “राहिली वाटतं. पुसली गेली असती तरी चाललं असतं.”

“अगं, पण...”

“मला ठाऊक आहे कुठवर आलं होतं ते.” तिने स्वतःच्या गळ्याशी हात नेला. “तुझी आत्या सहा महिन्यांची होती. तिला डोक्यावर धरून मागच्या जिन्याने वर चढले. रेघ बघून काय करू?”

माझा मोबाइल पर्समध्ये परत गेला.

मग आम्ही पुढे ओसरीवर आलो. बाहेर रस्त्याकडे उघडणारी लांब ओसरी. माझ्या आठवणीत तिथे आजोबांची आरामखुर्ची आणि पेपरांचे गठ्ठे होते. आता तिथे भिंतीलगत बाक टाकलेत, आणि तीन मुली पाय वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवून, कॉफी पीत काम करत होत्या. एकीने हेडफोन काढला आणि आजीला जागा करून दिली. “बसा ना आजी.”

आजी बसली नाही. उभीच राहिली. मला वाटलं, गुडघे. मी हात धरला तर म्हणाली, “थांब गं.”

आणि मग तिने जे सांगितलं ते मी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

ओसरी पुरुषांची होती. मामंजी, त्यांचे मित्र, वकील, पत्रिका जुळवणारे, चंदा मागणारे, सगळे तिथे. बायकांनी यायचं ते बोळातल्या मागच्या दाराने. चहाचा ट्रे आतून दाराशी ठेवायचा आणि कडी वाजवायची. “पुढच्या दाराने मी आत आले ते दोनदाच. एकदा माप ओलांडून, आणि एकदा पुरानंतर. तेव्हा बोळ गाळाने भरला होता ना, दुसरी वाटच नव्हती.”

“पण पणजोबा तर माझ्या जन्माआधीच गेले. मग नंतर?”

“नंतर कोणी नको म्हटलं नाही. आणि बस असंही कोणी म्हटलं नाही.”

चोपन्न वर्षं. माझ्या डोक्यात त्या सगळ्या व्हॉट्सअॅप मेसेजेसची रीळ फिरली. ‘आपला वाडा’, ‘आपल्या आठवणी’, ‘आपला चौक’. त्या आपल्यात आजी कुठे होती? माझ्या फोटोंमध्येही ती नव्हतीच. किल्ल्याच्या फोटोत ती माजघरात होती. गणपतीच्या फोटोत ती माजघरात होती. धुराने काळ्या झालेल्या, चौकातून उजेड आलाच तर दुपारी दोनला येणाऱ्या त्या माजघरात. संडास अंगणापलीकडे, पावसात छत्री घेऊन जायचं. पुरानंतर कित्येक दिवस पाणी नव्हतं, कारण धरणच नव्हतं. बादल्या घेऊन विहिरीवर कोण गेलं असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आजी बसली. त्या मुलींच्या मधोमध, बाकावर, रस्त्याकडे तोंड करून. कोणीतरी तिला मशीनची कॉफी आणून दिली. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग त्यातल्या एकीला विचारलं, “पगार तुझ्याच खात्यात येतो ना?”

“हो आजी.”

“एटीएमचं कार्ड कोणाकडे असतं?”

“माझ्याकडेच!”

“छान,” असं म्हणून आजीने उरलेली कॉफी संपवली.

संडास बघायचा मात्र ती विसरली नाही. जिन्याखाली दोन केलेत, वेस्टर्न, आतमध्ये, कोरडे. पाच मिनिटं लावून बाहेर आली आणि म्हणाली, “हे आधी केलं असतं तर?” कोणाला उद्देशून, ते सांगितलं नाही.

परत येताना रिक्षात मी गप्प होते. खरं सांगायचं तर मी हरले होते. मला वाटलं, आता ही घरी जाऊन बिल्डरच्या कागदावर सही करणार. का करू नये? ज्या घराने तिला ओसरीवर बसू दिलं नाही, ते घर तिने माझ्या नॉस्टॅल्जियासाठी का सांभाळावं? संध्याकाळी बाबा आणि काका समोर बसले होते. बिल्डरची फाइल टेबलवर.

“भाड्याचे पैसे दरमहा माझ्या खात्यात येतात,” आजी म्हणाली. “तेरा वर्षं येतायत. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या सहीने पैसे काढले. कानाचं मशीन मी घेतलं. हिचा पहिला लॅपटॉप मी घेतला. कोणाला विचारलं का?”

“आई, फ्लॅट पण तुझ्याच नावावर होईल,” काका म्हणाला.

“आणि त्याचा मेंटेनन्स कोण भरणार? मी. आज कंपनी मला पैसे देते, उद्या सोसायटीला मी द्यायचे. हे कसलं गणित?”

खरं तर बिल्डरच्या रकमेचं व्याज वगैरे धरून बाबांकडे एक्सेल शीट तयार होती. त्यांनी ती उघडलीही. कोविडमध्ये काय झालं ते आठव, असं म्हणाले. २०२० मध्ये ऑफिस बंद पडलं, भाडं वर्षभर निम्म्यावर आलं आणि माणसांचा वावर नसलेल्या वाड्यात वाळवी शिरली, ती काढायला दोन महिने लागले. लाकडाचं घर रिकामं राहत नाही. हे सगळं खरं होतं. आजीने ऐकून घेतलं.

“माझ्यानंतर काय करायचं ते करा,” ती म्हणाली. “पाडायचा तर पाडा. पण मी आहे तोवर मला मालकीण राहू द्या.”

पाच वर्षं. साठ महिने. करार तेवढ्याच मुदतीचा झाला. रजिस्ट्रेशनसाठी आता कचेरीत रांग लावावी लागत नाही. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. बाबांचा अंगठा साक्षीदार म्हणून लगेच उमटला. आजीचा काही उमटेना. एकदा, दोनदा, तीनदा. “म्हाताऱ्या बायकांचं असं होतं मॅडम,” एजंट सवयीने म्हणाला, “भांडी घासून घासून रेषा जातात.” आईने ओला रुमाल आणला, अंगठा पुसला, जरा व्हॅसलीन चोळलं. पाचव्या वेळी मशीनने टिंग केलं.

वाडा वाचला का? माहीत नाही. साठ महिन्यांनंतर बाबा, काका आणि आत्या असतील, किंवा आम्ही नातवंडं असू, आणि बिल्डर तर असतोच. मी आता ग्रुपवर फोटो टाकत नाही. पुढच्या वेळी वाडा वाचवायला बोलायची पाळी आली, तर मी चौकातल्या तुळशीबद्दल बोलणार नाही, एवढं नक्की.

एजंट लॅपटॉप मिटून उठत होता, तेवढ्यात आजीने त्याला थांबवलं.

“त्या कंपनीला सांगा, ओसरीवर पंखा नाहीये. मुली घामाघूम होतात. मी लावून देते. बिल माझ्या नावाने पाठवा.”